रिसेट दाबण्याआधी : ड्राइव्हची सेटिंग साठवणं, भरणं आणि पुसणं

अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या कारखान्यात मेंटेनन्सला नव्याने लागलेल्या मुलाच्या कानावर पहिल्या आठवड्यातच एक वाक्य पडतं, "ड्राइव्ह ट्रिप झालाय, रिसेट मार." ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, त्यालाच व्हीएफडीही म्हणतात; ट्रिप म्हणजे गडबड दिसताच त्याने स्वतःहून थांबणं. पण आपल्याकडे रिसेट या एका शब्दात तीन निरनिराळी कामं कोंबलेली आहेत. त्यातलं एक चुकून झालं, तर चालती लाइन अख्खी शिफ्ट उभी राहू शकते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पहिला रिसेट फॉल्टचा. ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज, ओव्हरलोड अशा कारणाने ड्राइव्ह थांबतो आणि डिस्प्लेवर कोड येतो. आपण कारण शोधतो, दूर करतो आणि बटण दाबून कोड घालवतो. सेटिंगला यात धक्का लागत नाही. दुसरा रिसेट म्हणजे सप्लाय बंद करून पुन्हा देणं. यात साठवलेली सेटिंग जागेवर राहते, न साठवलेली जाते. तिसरा फॅक्टरी रिसेट. यात ड्राइव्ह खोक्यातून काढला तेव्हा होता तसा होतो; त्याला ना तुमची मोटर ठाऊक असते, ना तुमचं मशीन.

ओव्हरलोडने ट्रिप आला म्हणून फॅक्टरी रिसेट करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बेअरिंग जाम आहे, पंपात कचरा अडकला आहे किंवा एक फेज ढिली आहे, आणि आपण पुसतो आहोत पॅरामीटर, म्हणजे ड्राइव्हमध्ये भरलेली सेटिंग. त्यामुळे सुपरवायझर घाईत "रिसेट कर" म्हणाले, तर न लाजता विचारा, "साहेब, फॉल्टच रिसेट करायचा ना?" या प्रश्नाने कुणाचा मान कमी होत नाही.

सेटिंग राहते कुठे

व्हीएफडीत शेकडो पॅरामीटर असतात. एखाद्या साध्या पंपासाठी किंवा पंख्यासाठी त्यातले वीस-पंचवीसच बदलावे लागतात, बाकीचे कंपनीच्या मूळ किमतीवर चालतात. बदललेल्यांत काही मोटरचे असतात : व्होल्टेज, करंट, फ्रिक्वेन्सी, आरपीएम, किलोवॅट. काही हुकमाचे असतात, म्हणजे स्टार्ट कीपॅडवरून की टर्मिनलवरून, स्पीड पॉटवरून (वेगाच्या फिरवायच्या नॉबवरून) की पीएलसीकडून (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरकडून). उरलेले मशीनच्या स्वभावाचे : वेग किती सेकंदांत चढवायचा, किती सेकंदांत उतरवायचा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त फ्रिक्वेन्सी किती, कोणता रिले कधी ओढायचा, करंटची मर्यादा काय. मोटरचे आकडे नेमप्लेटवरून परत मिळतात. मशीनच्या स्वभावाचे आकडे मात्र कुठेच लिहिलेले नसतात. ते कुणीतरी कमिशनिंगच्या वेळी, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू करताना, मशीनजवळ उभं राहून, आवाज ऐकून, धक्का बघून ठरवलेले असतात. बॅकअप खरा त्यांच्यासाठी घ्यायचा.

ड्राइव्हच्या आत दोन प्रकारची मेमरी असते. रॅम ही चालू कामाची. सप्लाय गेला की ती कोरी. ईईप्रॉम ही कायमची. सप्लाय गेला तरी टिकते. बहुतेक ड्राइव्हवर कीपॅडवरून किंमत बदलून एंटर किंवा ओके दाबलं की ती सरळ कायमच्या मेमरीत जाते. पण सगळीकडे असं गृहीत धरू नका. सीमेन्सच्या जी १२० मध्ये कॉम्प्युटरवरून केलेला बदल फक्त रॅममध्ये राहू शकतो. तो कायम करायला पी ०९७१ ला १ द्यावा लागतो किंवा कीपॅडच्या एक्स्ट्राज मेनूतून रॅम-रॉम हा पर्याय चालवावा लागतो. एबीबीच्या एसीएस ५५० मध्ये फील्डबसवरून, म्हणजे पीएलसीच्या नेटवर्कवरून, लिहिलेली किंमत आपोआप साठत नाही, त्यासाठी १६०७ हा पॅरामीटर आहे. "काल नीट चाललं, आज सकाळी लाइट आल्यावर पुन्हा जुनंच" ही तक्रार आली, की आधी इथे बघा.

याची दुसरी बाजूही आहे. कायमच्या मेमरीत किती वेळा लिहिता येतं याला मर्यादा असते, साधारण एक लाख वेळा. पीएलसीचा प्रोग्राम करणाऱ्याने एखादी किंमत दर सेकंदाला ईईप्रॉममध्ये लिहायला लावली, तर एक लाख सेकंद म्हणजे जेमतेम २८ तास. सतत बदलणारी किंमत रॅममध्येच लिहायची.

आणखी एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही : काही सेटिंग मेमरीत नसतेच. अॅनलॉग इनपुट ० ते १० व्होल्टचा की ४ ते २० मिलिअँपिअरचा, हे अनेक ड्राइव्हवर कार्डावरच्या छोट्या स्विचने किंवा जम्परने ठरतं. डिजिटल इनपुट सिंक की सोर्स (वायरिंगच्या दोन पद्धती), हेही काही ठिकाणी तसंच. कॉपी कितीही अचूक केली तरी हा स्विच कॉपी होत नाही. जुना ड्राइव्ह काढण्याआधी त्याचं पुढचं झाकण उघडून मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा : स्विच, जम्पर, टर्मिनलवरच्या वायरी आणि त्यांचे फेरूल नंबर वाचता येतील असा.

हात लावण्याआधी

झाकण उघडायचं म्हटलं की आधी सप्लाय बंद, मेन स्विचला कुलूप आणि टॅग. आपल्या ४१५ व्होल्टच्या सप्लायवर ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसवर सुमारे ५८७ व्होल्ट असतात, आणि ते कपॅसिटरमध्ये सप्लाय बंद केल्यावरही टिकून राहतात. डिस्प्ले विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं समजू नका. ड्राइव्हच्या अंगावर थांबायची मिनिटं छापलेली असतात. लहान ड्राइव्हला बहुधा ५ मिनिटं, मोठ्याला १५ किंवा जास्त. तेवढं थांबायचं आणि मग डीसी बसच्या प्लस-मायनस टर्मिनलवर मल्टिमीटर लावून खात्री करायची. मीटर १००० व्होल्ट डीसीचा हवा, आणि तो आधी चालू सप्लायवर तपासलेला हवा.

सेटिंगचं काम मात्र सप्लाय चालू ठेवूनच करावं लागतं, आणि तिथला धोका वेगळा. कॉपी किंवा रिसेट करताना टर्मिनलचे अर्थ बदलतात. जो कॉन्टॅक्ट आत्ता "स्पीड दोन" म्हणून बंद आहे, तोच नव्या सेटिंगमध्ये "स्टार्ट" ठरू शकतो. म्हणून स्टार्टचे कॉन्टॅक्ट उघडे ठेवा. इमर्जन्सी दाबून ठेवा. मशीनजवळच्या ऑपरेटरला समोरासमोर सांगा, आणि शक्य असेल तर मोटर बेल्टपासून किंवा कपलिंगपासून सोडवा. सेफ टॉर्क ऑफची (मोटरची ताकद तोडणारी) टर्मिनल असतील तर तीही उघडी ठेवा.

होइस्ट किंवा क्रेन असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ती टाळता येत नाही : आधी माल जमिनीवर टेकवायचा. होइस्टचा ब्रेक बहुधा ड्राइव्हच्या रिलेवरून सुटतो. त्या रिलेचा अर्थ बदलला, तर मोटरमध्ये ताकद येण्याआधीच ब्रेक सुटेल आणि लोड खाली येईल. हुकाला माल लटकत असताना पॅरामीटरला हात लावू देणारा माणूस कितीही वरिष्ठ असो, त्याला नाही म्हणा.

साठवणं

सगळ्यात भरवशाचा बॅकअप अजूनही वही हाच आहे. हे मी जुन्या सवयीमुळे म्हणत नाही. कीपॅड हरवतो, लॅपटॉप दुसऱ्या प्लांटला जातो, पण पॅनेलच्या दारामागे चिकटवलेला कागद तिथेच असतो. शिवाय सगळे पॅरामीटर लिहायची गरज नाही. बदललेल्यांची वेगळी यादी बऱ्याच ड्राइव्हमध्ये दिसते : डॅनफॉसच्या क्विक मेनूत "चेंजेस मेड", एबीबीच्या असिस्टंट कीपॅडवर "चेंज्ड पॅरामीटर्स", यास्कावात व्हेरिफाय मेनू. ती यादी उघडा आणि नंबर, नाव, किंमत, एकक असं लिहा. एकक विसरू नका, १०.० सेकंद आणि १०० सेकंद यांत फक्त एका टिंबाचा फरक दिसतो.

मग कीपॅडची कॉपी. ज्या कीपॅडमध्ये मेमरी असते त्यात पूर्ण संच साठवता येतो. डॅनफॉसमध्ये ०-५० या पॅरामीटरला "ऑल टू एलसीपी" दिलं की ड्राइव्हमधलं सगळं कीपॅडमध्ये येतं (एलसीपी म्हणजे त्यांचा कीपॅड). यास्कावाच्या ए १००० मध्ये ओ ३-०१ ला १ दिलं की तेच होतं, त्याला ते रीड म्हणतात. मित्सुबिशीच्या ए ७०० मध्ये पीसीपीवाय ला १. एबीबीमध्ये "अपलोड टू पॅनेल". सीमेन्सच्या बीओपी-२ या कीपॅडवर "टू बीओपी". लहान, स्वस्त ड्राइव्हच्या अंगातच बसवलेल्या कीपॅडला बहुधा ही सोय नसते. तिथे वही आणि कंपनीचं सॉफ्टवेअर.

दिशा चुकणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक, म्हणून इथे थोडा थांबतो.

मार्च महिना, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात. पिंपळगावच्या बाजूच्या एका प्रीकूलिंगवर रात्री मला बोलावलं होतं. शीतगृहातल्या मोठ्या पंख्याचा ड्राइव्ह गेला होता. इनपुट रेक्टिफायर शॉर्ट, त्यामुळे जुन्या ड्राइव्हला सप्लाय देणंच शक्य नव्हतं. सुदैवाने कीपॅडमध्ये बसवतानाची कॉपी होती. मालकांनी त्याच मॉडेलचा नवा ड्राइव्ह आणून ठेवला होता. मी तो बसवला, कीपॅड लावला आणि कॉपीच्या मेनूत गेलो. दोन पर्याय एकाखाली एक होते. मला कीपॅडमधून ड्राइव्हमध्ये भरायचं होतं, आणि मी निवडलं उलटं. काही सेकंदांत नव्या ड्राइव्हची कोरी सेटिंग कीपॅडमधल्या एकुलत्या एका कॉपीवर बसली. बाहेर आयशर उभी, तिच्यात क्रेट, आणि आत खोलीचं तापमान चढत होतं. मोटरची नेमप्लेट टॉर्चने वाचून, टर्मिनलची एकेक वायर शोधून, कंट्रोलरच्या सिग्नलचा अंदाज घेत पंखा पहाटे चालू झाला. वेळेचे आकडे नीट जुळायला पुढचे दोन दिवस गेले.

तेव्हापासून मी कॉपीचं बटण दाबण्याआधी मोठ्याने बोलतो : "जुन्यातून कीपॅडमध्ये" किंवा "कीपॅडमधून नव्यात". जवळ हेल्पर असेल तर तो स्क्रीन वाचतो आणि मी दिशा सांगतो. दोघांचं जुळलं तरच ओके. कंपन्यांचे शब्द वेगवेगळे आहेत. सोपी खूण अशी की अपलोड, रीड, "टू एलसीपी", "टू बीओपी" म्हणजे ड्राइव्हमधून बाहेर. डाउनलोड, राइट, "फ्रॉम एलसीपी", "फ्रॉम बीओपी" म्हणजे ड्राइव्हच्या आत. कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्येही बहुधा हाच अर्थ असतो, पण पहिल्यांदा वापरताना मॅन्युअल उघडून खात्री करा. शक्य असेल तर कीपॅडची कॉपी आधी लॅपटॉपवरही घ्या, म्हणजे एक चूक निभावून जाते.

फाइलला नाव देताना "न्यू", "फायनल", "फायनल २" असं काही ठेवू नका. मशीनचं नाव, ड्राइव्हचं मॉडेल, किलोवॅट, तारीख. उदाहरणार्थ, "कूलिंग टॉवर पंप २, साडेसात किलोवॅट, १२ जून". सहा महिन्यांनी ती फाइल दुसराच कुणी उघडणार आहे.

भरणं

ड्राइव्ह त्याच मॉडेलचा, त्याच किलोवॅटचा, मोटर तीच, तर पूर्ण संच भरा. क्षमता वेगळी असेल तर पूर्ण संच भरू नका. मोटरचे आकडे चुकीचे बसतील किंवा ड्राइव्ह ते घेणारच नाही. त्यासाठी डॅनफॉसमध्ये "साइझ इंडिपेंडंट" आणि एबीबीमध्ये "डाउनलोड अॅप्लिकेशन" असा पर्याय असतो, ज्यात मोटरचे आकडे वगळून बाकीचं येतं. मोटरचे आकडे मग नेमप्लेटवरून हाताने भरा आणि ट्यूनिंग करा.

ट्यूनिंगमध्ये ड्राइव्ह मोटरच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स वगैरे स्वतः मोजतो. फिरवून करायचं ट्यूनिंग असेल तर मोटर लोडपासून सुटी हवी. तसं शक्य नसेल तर उभ्या मोटरवरचं ट्यूनिंग निवडा. मोटर वाइंडिंग करून आणली असेल, तर ड्राइव्ह तोच असला तरी मी ट्यूनिंग पुन्हा करतो.

मॉडेल एकच असलं तरी फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) वेगळं असू शकतं. जुन्या ड्राइव्हचं व्हर्जन वहीत लिहिलेलं असेल तर दहा मिनिटं वाचतात. भरून झालं की व्हेरिफायचा पर्याय असल्यास चालवा; यास्कावात ओ ३-०१ ला ३, मित्सुबिशीत पीसीपीवाय ला ३. पीएलसीशी बोलणारे दोन ड्राइव्ह असतील आणि एकाची कॉपी दुसऱ्यात भरली असेल, तर नोड नंबर तपासा. दोघांचा पत्ता एकच झाला तर पीएलसीला दोघेही नीट उत्तर देत नाहीत.

कॉपी चालू असताना सप्लाय तोडू नका. पावसाळ्यात महावितरणची लाइट लपंडाव खेळत असेल, तर हे काम जनरेटरवर किंवा लाइट स्थिर झाल्यावर करा. आणि स्पेअर ड्राइव्ह वर्षापेक्षा जास्त काळ कपाटात पडून असेल, तर त्याला थेट पूर्ण सप्लाय देऊ नका. त्याच्या कपॅसिटरला हळूहळू व्होल्टेज चढवून जागं करावं लागतं. रीत मॅन्युअलमध्ये रिफॉर्मिंग या नावाखाली असते.

पुसणं

फॅक्टरी रिसेटची खरी गरज थोड्याच वेळा लागते : दुसऱ्या मशीनवरून काढलेला ड्राइव्ह नव्या कामाला लावायचा आहे, किंवा इतक्या जणांनी हात लावलाय की काय बदललं ते कुणालाच सांगता येत नाही. दोन्ही वेळा आधी बॅकअप घ्यायचा, तो कितीही बिघडलेला वाटला तरी. बिघडलेल्या सेटिंगमध्येही एखादा कामाचा आकडा सापडतो.

रीत कंपनीगणिक वेगळी. डॅनफॉसच्या व्हीएलटीमध्ये १४-२२ ला "इनिशियलायझेशन" द्यायचं, सप्लाय काढायचा, डिस्प्ले पूर्ण विझू द्यायचा आणि पुन्हा द्यायचा. अलार्म ८० येतो, त्याने घाबरू नका. ड्राइव्ह मूळपदावर आला एवढाच त्याचा अर्थ, रिसेट दाबला की जातो. सीमेन्सच्या मायक्रोमास्टर ४४० मध्ये पी ००१० ला ३० आणि मग पी ०९७० ला १. व्ही २० मध्ये पी ०९७० ला २१ दिलं तर वापरणाऱ्याने साठवलेली मूळ सेटिंगही जाते. मित्सुबिशीत एएलएलसी ला १. एबीबीच्या एसीएस ५५० मध्ये ९९०२ हा मॅक्रो (तयार सेटिंगचा संच) निवडायचा पॅरामीटर आहे. नवीन मुलं तो सहज बघायला म्हणून बदलतात, आणि मॅक्रो बदलला की मोटरचे आकडे सोडून बहुतेक सगळं मूळ किमतीवर जातं. त्याच पॅरामीटरमध्ये "यूझर सेट सेव्ह" हाही पर्याय आहे. कमिशनिंग झाल्यावर तो वापरून ठेवा.

यास्कावात ए १-०३ ला २२२० दिलं तर दोन-वायर वायरिंगप्रमाणे (स्विच बंद असेपर्यंत मोटर चालते) रिसेट होतो, ३३३० दिलं तर तीन-वायरप्रमाणे (स्टार्ट आणि स्टॉपची वेगळी बटणं). तुमची वायरिंग तीन-वायरची आणि रिसेट दोन-वायरचा झाला, तर मोटर अनपेक्षित चालू शकते किंवा उलटी फिरू शकते. आधी ड्रॉइंग बघा, मग आकडा द्या.

डेल्टाच्या व्हीएफडी-ई मध्ये ००.०२ ला ९ दिलं तर ५० हर्ट्झची मूळ सेटिंग येते, १० दिलं तर ६० हर्ट्झची. एका आकड्याने काय बिघडतं ते बघा. बेस फ्रिक्वेन्सी ६० झाली, की ड्राइव्ह पूर्ण व्होल्टेज ६० हर्ट्झला देतो. मग ५० हर्ट्झवर मोटरला ४१५ ऐवजी साधारण ३४६ व्होल्टच मिळतात. ताकद घटते, लोड असेल तर करंट वाढतो, मोटर तापते. आणि स्पीड पॉट पूर्ण फिरवलं तर मोटर ६० हर्ट्झवर जाते, म्हणजे वेग २० टक्के जास्त. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे १.२ गुणिले १.२ गुणिले १.२ : सुमारे ७३ टक्के जास्त. पट्टे आणि मोटर दोन्ही जातील. इतर कंपन्यांतही ही निवड असते, डॅनफॉसमध्ये ०-०३, सीमेन्समध्ये पी ०१००. रिसेटनंतर सगळ्यात आधी मी हेच बघतो.

पहिली चाचणी

सेटिंग भरली किंवा पुसून नव्याने टाकली, की मोटर लोडशिवाय ५ हर्ट्झवर चालवा. दिशा बघा. मग १०, २५, ५०. प्रत्येक टप्प्यावर डिस्प्लेवरचा करंट वाचा. १० एचपीच्या, म्हणजे साडेसात किलोवॅटच्या मोटरचा नेमप्लेट करंट १४-१५ अँपिअर असतो; लोड नसताना तो बराच खाली हवा. स्टॉप दाबून थांबतं का बघा, इमर्जन्सी दाबून बघा, आणि कीपॅडवरून नव्हे तर जिथून ऑपरेटर चालवतो तिथून स्टार्ट देऊन बघा. जड चाकाचं मशीन असेल आणि थांबताना ओव्हरव्होल्टेजची ट्रिप आली, तर उतरण्याची वेळ कमी पडते आहे. ती वाढवा किंवा ब्रेकिंग रेझिस्टर तपासा.

लोड जोडून अर्धा तास नीट चाललं, की लगेच नवी कॉपी कीपॅडमध्ये आणि लॅपटॉपवर घ्या. पॅनेलच्या दारामागच्या कागदावर तारीख, बदललेले आकडे आणि तुमचं नाव लिहा. जुना कागद फाडू नका. त्यावर एक तिरपी रेघ मारून तो नव्याच्या मागे ठेवा.